पडदेवालीचा खोका

प्रिय बडबडे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतला. कागदाला ‘नंतर करते’ असा निरोप धाडता येत नाही.

मागच्या शनिवारी आईला घेऊन तो चित्रपट पाहून आलो. आयुष्यभर जुनी कॉमिक्स विकली, पण त्यांच्यावरचे चित्रपट बघायचे नाहीत, ही माझी टेक तुला माहीत आहे. पण गिऱ्हाइकं ऐकेनात. आणि चित्रपट कुणाचा, तर आपल्या पडदेवालीचा! तिच्या पाठीवरचं लांब निळं वस्त्र इतकं ओबडधोबड काढलेलं असायचं, की तू म्हणायचीस, ही बाई घरातला पडदा ओढून निघाली आहे. दहा-बारा अंकांत तिचा कारभार आटोपला. तिच्या पहिल्या अंकाच्या उरलेल्या प्रती मी छापखाना बंद पडला तेव्हा खोकाभर उचलून आणल्या होत्या. शाळेतून आलीस की त्याच खोक्यावर बसून तू दूध प्यायचीस. कुत्रं विचारत नव्हतं त्या अंकाला.

दोन वर्षांपूर्वी मालकाने दुकानाचं भाडं वाढवलं, तेव्हा मी तो खोका टोपीवाल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला, जवळजवळ रद्दीच्या भावात. महिना उलटला नाही तोच चित्रपटाची घोषणा झाली. आमच्या धंद्यात एखादं पात्र ज्या अंकात पहिल्यांदा येतं, त्याला मान. ते पात्र पडद्यावर येणार एवढी कुणकुण लागली तरी त्या अंकाला पंख फुटतात. चित्रपट लागेपर्यंत कुणी थांबत नाही, उलट लागल्यावर बहुतेक वेळा भाव उतरतो. हे सगळं मी आधीही पाहिलं होतं, तरी त्या दिवशी थक्क झालो. सकाळी ज्याला कुणी हात लावत नव्हतं, तो अंक संध्याकाळी कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद होऊन बसला. कागद तोच, शाई तीच, पडदाही तसाच ओबडधोबड. टोपीवाल्याने एका प्रतीत अख्ख्या खोक्याची किंमत वसूल केली आणि बाकीच्यांतून गाडी घेतली. मला अर्धं दुकान सोडावं लागलं. तिथे आता चष्मे विकतात.

असो, चित्रपटाचं सांगत होतो. ती गच्चीवरून उडी मारते आणि मागे ते निळं कापड उलगडत जातं. अगं, काय सांगू तुला! वारा आधी काठाला लागतो, मग ते मधे फुगतं, मग ती खाली नदीत पडून पाण्यातून वर येताना ते भिजून जड होतं आणि तिचा खांदा मागे ओढतं. आई घोरत होती, तीसुद्धा जागी होऊन बघत राहिली. इतकी वर्षं कागदावर सपाट पडलेली बाई कुणीतरी जिवंत उभी केली होती. शेवटी नामावली सुरू झाली, लोक उठले, पण आईची एक चप्पल खुर्चीखाली गेली होती म्हणून आम्ही थांबलो. आणि कॉम्प्युटरवर कापडाचं काम करणाऱ्यांमध्ये तुझं नाव आलं. आई म्हणाली, दुसरी कुणी असेल. पण मधे माझं नाव होतं. तुझं, माझं आणि आडनाव, अशी दुसरी कुठून येणार? मी नुसता उभा राहिलो. झाडूवाला आला तरी माझे पाय हलेनात.

घरी येता येता सगळं जुळत गेलं. कॉम्प्युटरवर कपड्यांचं काहीतरी करते, याच्यापुढे तू कधी गेली नाहीस. म्हणजे खोका विकायला काढलाय, असं मी फोनवर म्हणालो तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू एकदम गप्प झाली होतीस. मला वाटलं फोन कट झाला. मग तू विचारलंस, आज जेवायला काय केलंय. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला ते डाचत राहिलं. ‘बाबा, थांबा’ एवढंच म्हणायचं होतं! चित्रपटाबद्दल घरीही बोलायचं नाही, अशा करारावर तू सही करून बसली असशील हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

मग टोपीवाला आला, खास जखमेवर मीठ चोळायला. तुझं नाव त्यानेही वाचलं होतं. पोटच्या पोरीने बापालासुद्धा सांगितलं नाही का, असं त्याने हसत विचारलं. नाही सांगितलं, असं मी इतक्या मोठ्याने म्हणालो की शेजारचा चष्मेवाला डोकावला. म्हणालो आणि तेव्हा कुठे मला उमगलं. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, घरातलं भांडण संपायच्या आत जी ते शेजारी सांगून यायची, तिने बापाचं दुकान जाताना पाहिलं आणि तरी दिलेला शब्द मोडला नाही. एवढं बळ माझ्यात नाही गं. तुझ्या जागी मी असतो तर नक्की बोलून गेलो असतो. टोपीवाल्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि काही न घेताच निघून गेला.

काल तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीने आईला फोन केला. चित्रपट लागल्यापासून तू धड जेवत नाहीस, बाबांचं दुकान मी घालवलं म्हणून रडतेस, असं ती म्हणाली. म्हणून हे पत्र. वेडाबाई, दुकान भाड्यापायी गेलं, तुझ्यापायी नाही. उरलेल्या अर्ध्यात माझं भागतं, झाडायलाही कमी लागतं. सुट्टी काढ आणि घरी ये. आपण तिघं पुन्हा तो चित्रपट बघू, आणि त्यातलं तुझ्या हातचं कुठलं ते मला बोट करून दाखव. मग रात्रभर बडबड कर, सगळ्यांच्या भानगडी सांग, आईच्या तक्रारी कर. फक्त हल्ली कुठल्या चित्रपटावर काम करतेस, ते मला सांगू नकोस.

तुझाच,
बाबा