झोक्याची फांदी

प्रिय आक्का,

फोन केला की तू दाजींच्या हातात देतीस, आन् त्यांच्याशी मला पाऊसपाण्यापलीकडं बोलता येत न्हाई. म्हणून लिहितो. हसू नको, अक्षर अजून तसंच गिचमिड हाय.

आपला धारूरचा डोंगर आठवतो ना? सीताफळीची दाटी, मोर, उन्हाळ्यातही न आटणारा झरा. कोळशाच्या भट्ट्या लागल्या आन् आमीच कुऱ्हाडी घेऊन वर गेलतो. मी तर सगळ्यांच्या म्होरं. चार वर्षांत डोंगर बोडका झाला. मग पावसाबरोबर माती खाली आली, विहीर गाळानं भरली. मोर गेले आन् मागोमाग माणसंही, ऊसतोडीला. तुझी भावजय सत्यभामा माझ्याबरोबर फडात राबली. तिच्या डोक्यावरची उसाची मोळी बघितली की माझी मान खाली जायची.

शेवटी बायांनीच गावात कुऱ्हाडबंदी करायला लावली. दगडाबाईनं तर सख्ख्या जावयाची कुऱ्हाड काढून घेतली! आन् राखणीला मला बसवलं. ज्यानं तोडलं त्यानंच राखावं, म्हणाल्या.

नवं काहीच लावलं न्हाई बघ. तोडलेल्या झाडांचे बुडखे जिवंत होते. एकेका बुडख्याला सात-आठ फुटवे येतात. त्यातले एक-दोन चांगले ठेवायचे, बाकीचे काढायचे, आन् शेळ्यांना वर जाऊ द्यायचं न्हाई. बारा वर्षं हेच केलं; आमी ऊसतोडीला गेलो की दगडाबाई राखायची. आता सीताफळं बाजारात जातात, विहिरीला मे महिन्यातही पाणी होतं. औंदा ऊसतोडीला जायचं न्हाई असं आमचं ठरलंय. परवा मोर ओरडला तर सत्यभामा भाकर तव्यावर टाकून बाहेर पळाली. भाकर करपली, पण लई गोड लागली.

आता खरं लिहितो. खळ्यावरचा लिंब, तुझ्या पंचमीच्या झोक्याचा. त्या दिवशी भट्टीची गाडी भरायला एकच झाड कमी पडत होतं, आन् मी तुझा इचारही न करता तोच तोडला. झोका बांधायला झाड न्हाई तिथं पंचमीला कशाला येऊ, म्हणून तू गेलीस ती आलीच न्हाईस. आक्का, मी चुकलो. त्या बुडख्यालाही फुटवे आलते. त्यातला एकच ठेवला, आडव्या फांदीचा. काल दोर बांधून आधी ज्वारीचं पोतं लटकवलं, मग मीच बसलो. बावन्न वर्षांचा बाप्या झोका घेतोय म्हणून अर्धं गाव गोळा झालं. फांदी करकरली, पण मोडली न्हाई. दोर अजून सोडला न्हाई. पंचमी पंधरा दिवसांवर आलीय. तुला न्यायला मीच येतो म्हणतो. उद्या फोन करीन, तेवढा दाजींकडं देऊ नको. तूच एकदा ये म्हण.

तुझाच,
त्रिंबक