पाण्याचा घोट

धाकट्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलंय.

काल रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. “एवढे वेद पाठ कसे झाले?” असं विचारल्यावर तू म्हणालास, “एकेक अक्षर बाबांच्या तोंडून घेतलं. मध्ये दुसरा आवाज नाही.”

केसानं गळा कापलास रे!

बाबा तुला संथा द्यायचे, तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकायची. मुलींना कोण शिकवतंय! दुपारपर्यंत तुझी पाटी कोरी. मग मागच्या अंगणात यायचास, “ताई, पुढचं काय गं? बाबा कान उपटतील.” कपडे वाळत घालता घालता मीच तुझ्याकडून घोकून घेतलं, सात वर्षं.

मुलाखतीच्या शेवटी तू म्हणून दाखवलंस आणि एका ऋचेत भलत्याच ठिकाणी थांबलास. मुलाखतवाली म्हणाली, “वा, काय परंपरा!”

कसली डोंबलाची परंपरा? रोज तिथं पोचेपर्यंत बाबांचा घसा कोरडा पडायचा, म्हणून ते पाण्याचा घोट घ्यायचे. दाराआडून मला पेला दिसत नव्हता. मला वाटलं, ते थांबणं मंत्रातलंच आहे. तुलाही तसंच शिकवलं. तू तर पेल्यासमोर बसायचास, तरी माझीच चूक उचललीस.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू तेवढं दुरुस्त करशील, आणि तुझ्या गळ्यात माझं म्हणून तेवढंच उरलंय.

दाराआडची,
ताई