‘परित्यक्ता’ ही नोंद खोडण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
आधार कुटुंब साहाय्य कक्ष,
उज्जैन (म. प्र.)

विषय : माझ्या नावापुढील ‘परित्यक्ता’ ही नोंद रद्द करून पतीच्या माफीच्या अर्जासाठी खरा अहवाल पाठवण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. २९ जानेवारी २०२६ चे पत्र.

महोदय,

मी, सौ. देवश्री शैलेंद्र पागनीस, राहणार माधव नगर, हा अर्ज मराठीत करीत आहे, कारण आपण मराठी असल्याचे कळले. हिंदी प्रत सोबत आहे. परंतु ती टाईप करणारे गृहस्थ आमच्याच गल्लीतले असल्याने तिच्यात सगळे लिहिता आले नाही.

माझे पती आखातात लिफ्ट-दुरुस्तीच्या कामावर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दसऱ्याची सुट्टी संपवून ते परत गेले, तेव्हा तिकडच्या विमानतळावर त्यांच्या बॅगेत पाव किलो खसखस सापडली. देवास गेटला कुठल्याही किराणा दुकानात मिळणारी ही वस्तू तिकडे अमली पदार्थांत मोडते. ती मोज्यात घातलेली असल्याने ‘लपवून आणली’ असा ठपका आला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. गल्लीत व नातेवाइकांत मी ‘कॉन्ट्रॅक्ट वाढलं’ असे सांगत आले आहे. दोन दिवाळ्या त्यातच काढल्या.

गेल्या जूनमध्ये मुलगी ऋता (इयत्ता सातवी) हिच्या शिक्षणासाठी मी आपल्या कक्षात मदत मागायला आले. फॉर्मवर विधवा, परित्यक्ता व दिव्यांग असे तीनच रकाने होते. खिडकीवरच्या बाबूजींना मी अगदी हळू आवाजात हकिकत सांगितली. त्यांनी मोठ्याने विचारले, “जेल में हैं? बाहर की जेल में?” रांगेत माझ्या मागे आमच्या भिशीतल्या कुसुमताई उभ्या होत्या. मी घाईघाईने नाही म्हटले. तेव्हा ते म्हणाले, “तो बहनजी, परित्यक्ता में डाल देता हूँ, काम हो जाएगा.” मी सही केली. बाबूजींना दोष नाही, ते आपल्या परीने मदतच करीत होते. नवऱ्याने टाकले हे लोकांना कळले तर चालेल, पण नवरा तुरुंगात आहे हे कळायला नको, असे मला त्या क्षणी वाटले. त्याची मला फार लाज वाटते.

मदत वेळेवर मिळाली, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु डिसेंबरात दूतावासामार्फत पतींचा माफीचा अर्ज गेला आणि कुटुंबाची चौकशी नेमकी आपल्याच कक्षाकडे आली. कॉम्प्युटरवर जे होते तेच कळवले गेले : ‘पतीने त्याग केला आहे. संबंध नाहीत.’ मी दुरुस्ती मागितली असता संदर्भीय पत्राने उत्तर आले, की नोंद रद्द करायची तर पतीने समक्ष हजर राहून पत्नीचा त्याग केला नसल्याचे लिहून द्यावे. महोदय, ते समक्ष हजर राहू शकले असते तर मी आपल्या कार्यालयाची पायरी चढलेच नसते. दारावरच्या शिपायांनी तर मला आपुलकीने सुचवले, “एक दिन की छुट्टी लेकर आ जाएँ, बस.” मी मान हलवून घरी आले.

हिंदी प्रतीत तुरुंगाचा उल्लेखच नाही, आणि यापुढचे तर मी कालपर्यंत कुणालाच सांगितले नव्हते. ती खसखस मी घातली होती. खोलीवरच्या मित्रांना दिवाळीत अनारसे करून घालायचे त्यांच्या मनात होते, म्हणून मी पीठ दिले आणि वर लावायला खसखस. पुडी फुटून कपड्यांत सांडू नये म्हणून ती मोज्यात कोंबली आणि त्यांना सांगायचे राहून गेले. तिकडे विचारणा झाली तेव्हा बॅग आपणच भरली, असे त्यांनी सांगितले. माझे नाव कुठेही येऊ दिले नाही. आणि सव्वा वर्षाहून अधिक काळ मी ते तसेच चालू दिले. याचे शपथपत्र जोडले आहे. सासूबाईंना तुरुंगाचे ठाऊक होते, पण खसखस मी घातल्याचे ठाऊक नव्हते. काल सांगितले. साक्षीदाराची सही कुठे करायची, एवढेच त्यांनी विचारले.

आपला अहवाल पतींना तिकडे वाचून दाखवण्यात आला. शनिवारी त्यांना पाच मिनिटे फोन मिळतो. मी खुलासा करायला लागले, तर म्हणाले, “बरं केलंस, देवश्री. माफी नाही मिळाली तरी चालेल. ऋताला या सगळ्यातून बाहेर ठेव.” ‘संबंध नाहीत’ हे मीच मुद्दाम लिहून दिले, म्हणजे मी त्यांना सोडले, असे त्यांना वाटते आहे, आणि त्यांनी ते मान्यही केले आहे. मी पुढे बोलणार तोच फोन कटला.

माफीची यादी ईदपूर्वी निघते व कागद २० फेब्रुवारीपर्यंत पोहोचावे लागतात. तरी माझी नोंद रद्द करावी. मदत आजपासून बंद करावी. खोट्या सहीबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. अहवालात फक्त एवढे लिहून पाठवावे, की या माणसाची बायको त्याची वाट पाहते आहे. मी फोनवर सांगितले तर मी समजूत घालते आहे असे ते धरून चालतील. सरकारी शिक्क्याने गेले तर कदाचित त्यांना खरे वाटेल.

आपली, मान खाली घालून सही करणारी,

सौ. देवश्री शैलेंद्र पागनीस
उज्जैन, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. अर्जाची हिंदी प्रत (अपुरी)
२. विवाह नोंदणीचा दाखला
३. शपथपत्र, साक्षीदार श्रीमती मंगला मधुकर पागनीस, बंदिवानाची आई