टबाचा गंज

दवनीवाडा, बुधवार. मृग तोंडावर. दिवेलागण.

आज टबाचा निकाल लावायचाच होता, पण मीच अडकून बसलोय. गुडघ्यांमुळे बुढीला पाटावर बसून आंघोळ होत नाही. या जुन्या लोखंडी टबात ऊन पाण्यात बसली, की तेवढाच जीव सुखावतो तिचा. आणि त्याच्याच बुडाला तळहाताएवढा गंज! काल तिची टाच तिथंच कापली.

गोंदियाहून कोटिंगवाला आला. गंजावर नख घासून म्हणाला, "काका, इसमें नमक कौन डालता है?"

आता काय सांगू? दरसाल धानाचं बी आम्ही यातच मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट वर तरंगतं, भरीव खाली बसतं.

"कोटिंग कर दूँगा. पर एक चुनो, या काकी, या धान."

पोरगा फोनवर म्हणतो, "बाबा, भंगारात द्या, फायबरचा आणतो." पण फायबरच्या काठावर भार देऊन ही उठेल? लोखंडी काठ धरूनच तर उठते. पण तो तळहाताएवढा गंज... चिडून म्हटलं, "मंग बी कायच्यात भिजवू, माह्या डोक्यात?"

बुढी लंगडत आतल्या खोलीत गेली. आत्ता पाहतो तर अंगणात लग्नाचं वरण शिजवायचा आपला जर्मनचा मोठा गंज, ते ॲल्युमिनियमचं पातेलं, राखेनं घासून राहिली. टाचेची पट्टी ओली.

"काऊन वं, पाय दुखत नाही?"

"टबाचा गंज तुमी काढा जी. धानाचा गंज म्या काढला."