खळ्यापर्यंत ओढलेली वायर

धुरपता,

सकाळच्या मोटारीनं पवनीले जाऊन राहिलो. कानाचा डॉक्टर कोण्या वारी बसते ते विचारून दुपारी येतो. बैलाईले पाणी पाजलं.

घरातून खळ्यापर्यंत वायर ओढली ती तू माह्या हाकेले ओ देत नाही या रागात. तुकड्याले तुकडा जोडला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, दोन्हीकडं जुन्या रेडिओचे स्पीकर अन् बटनं लावली अन् गावभर मिरवलो. काल माह्याकडचं बटन दाबलेलंच राह्यलं. तू शेजारच्या शकुंतलाबाईले सांगत होती ते सारं खळ्यावर ऐकू आलं. पोळ्याच्या दिवशी मी थापड मारली, तवापासून तुले डाव्या कानानं ऐकू येत नाही. अन् तू म्हणाली, "त्याईले सांगू नोको, त्याईले वाईट वाटन."

तवाच बटन बंद करायले पाह्यजे होतं. मी शेवटपर्यंत ऐकत बसलो. मंग जेवायले आलो तं तुह्याकडं पाहणं झालं नाही.

तुह्याकडचा स्पीकर काढून दुसऱ्या भिंतीले लावला. तू चुलीपुढं बसते तवा तिकडं तुहा उजवा कान राहते.

सुखराम