क्लचवरचा पाय

आण्णा,

सकाळच्या गाडीनं वर्कशॉपला चाललोय. तुम्ही झोपला होता म्हणून उठवलं नाही. खरं तर समोर बसून सांगायचा धीर झाला नाही.

सोसायटीची जीप लिटरला सहाच किलोमीटर का देते, ते कळलं. कार्बोरेटर साफ आहे, टाकी कुठं गळत नाही, चाकांत हवा बरोबर आहे. काल बेंबळीच्या जनावरांच्या छावणीपर्यंत तुमच्या शेजारी बसून आलो, ते त्यासाठीच. सगळ्या वाटेत तुमचा डावा पाय क्लचवरच होता. त्यानं क्लच घसरतो, इंजिन नुसतं पळतं आणि पेट्रोल जळतं. दोनदा म्हणालो, पाय काढा. तुम्ही म्हणालात, "काढलाय न्हवं का."

लोक म्हणतात, बब्रुवान ड्रायव्हर पेट्रोल विकतो. तुमच्यावरचा हा आळ काढायचा तर पायाचं सांगावं लागंल, आणि ते सांगितलं की तुमचं स्टेअरिंग सुटतं. मी कुणाजवळ बोललो नाही. सेक्रेटरींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण आज गाडी काढू नका. किल्ली मी बरोबर नेलीय. रागावलात तरी चालंल.

डावा तळवा आईला दाखवा. फोड आलेत, रात्री तुम्ही झोपल्यावर बघितले. छावणीत रेडिएटरला पाणी आणायला उतरलात, तेव्हा डावी चप्पल जीपमध्येच राहिली होती. भर दुपारच्या तापल्या मुरमावरून तुम्ही तसेच गेलात, आणि तसेच परत आलात.

चप्पल उंबऱ्याजवळ ठेवलीय.

महारुद्र