दसऱ्याच्या पाटावरची दुनाळी

मी, सत्यवती मुरलीधर काळमेघ, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त ऑपरेशन थिएटर सिस्टर, राहणार विजय नगर, जबलपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. कोणाचा दबाव नाही. मला दाबेल असा माणूस या घरात अजून जन्मला नाही.

१. घराचा खालचा मजला मुलगा अजिंक्य याला, वरचा मुलगी मोनाली हिला. जिना दोघांचा, त्यावरून भांडू नये. सिहोऱ्याचे शेत व बँकेतली शिल्लक निम्मी-निम्मी.

२. दागिने सून प्रतिमा हिला. ती जे बोलते ते तोंडावर बोलते, म्हणून.

३. दुनाळी बंदूक. शेतात रानडुकरे येत म्हणून यजमानांनी घेतली. त्यांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला. अजिंक्य म्हणतो, "आई, घराण्याची शान आहे, मला दे." देणार नाही. माझ्या मागे ती पोलीस ठाण्यात जमा करावी व नष्ट करण्याचा अर्ज द्यावा. कारणही लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारी चळली होती.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्र पाटावर मांडत. धाकटे दीर भय्यासाहेब म्हणत, "सवाष्णीला रिकाम्या ओटीनं धाडता का? मग शस्त्र रिकामं काहून पूजायचं?" म्हणून पूजेपुरते एक काडतूस भरत आणि नंतर काढत. एका वर्षी आरती झाली, भय्यासाहेबांनी बंदूक कपाळाला लावायला उचलली आणि बोट चापावर गेले. समोर मोनाली ताट घेऊन उभी होती, कॉलेजात जाणारी पोर. छर्रे मांडीत घुसले.

सासूबाई हळद घेऊन धावल्या. शेजारचे रामकृष्णजी छर्रे काढायला चिमटा घेऊन आले. मी ओरडले, "जखमेला हात लावाल तर हात तोडीन!" पाटावरचा कोरा शेला घडी करून जखमेवर दोन्ही तळव्यांनी दाबला. तो भिजला तरी उचलला नाही, त्यावरच दुसरे कापड ठेवले. दवाखान्यापर्यंत दाब सोडला नाही. पोर पाणी मागून राहिली होती. पुढे ऑपरेशन होते, पोट रिकामे हवे, म्हणून दिले नाही.

पाय वाचला. काही छर्रे डॉक्टरांनी आतच ठेवले, कारण काढण्यात जास्त नुकसान होते. थंडीत मोनाली लंगडते.

आता अजिंक्यने यंदा बंदूक पुन्हा पाटावर मांडायचे ठरवले आहे. म्हणतो, "रिकामीच तर आहे!" अरे बाबा, थिएटरात अशा जितक्या केसेस आल्या, त्या प्रत्येकीसोबतचे लोक हेच सांगत: सिस्टर, रिकामी होती! आणि परवा नात समृद्धी म्हणाली, "दादी, इस बार बंदूक को टीका मैं लगाऊँगी." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

जमा होईपर्यंत बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्यात, किल्ल्या माझ्याकडे. हातात घेणाऱ्याने नळी माणसांकडे करू नये, बोट चापापासून दूर ठेवावे, नळी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुसऱ्याने सांगितले म्हणून मानू नये.

मग आजच का देत नाही, असे विचाराल. यजमान दर रविवारी अंगणात बसून तिला तेल लावत. ती दाराबाहेर जाताना मला बघवणार नाही, एवढेच. हट्टी बाईलाही एखादी गोष्ट जमत नाही.

४. भय्यासाहेबांना काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराचा वाटा असू नये. त्या दिवसापासून ते दसऱ्याचे सोने दारातूनच देऊन परततात. मी त्यांना खूप बोलले आहे. आता पुरे. राग माझ्याबरोबर जाळावा.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोनालीने करावी.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सत्यवती मुरलीधर काळमेघ
जबलपूर, १२ सप्टेंबर २०२५

साक्षीदार
१. डॉ. दीपा पांडे, विजय नगर. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत, आणि मला दोनदा रागावल्या आहेत.

२. भय्यासाहेब काळमेघ. वहिनी, मरायची वाट काहून पाहायची? उद्या सकाळी ऑटो घेऊन येतो, दोघं मिळून ठाण्यात देऊन येऊ. उचला मात्र तुम्हीच. माझ्याच्यानं तिला हात लावणं होत नाही.